टायरोसिनेमिया टाइप वन: बाळाला निटिसिनोन सुरू झालंय, आता पुढे काय?

बाळाच्या तपासणीत सक्सिनिलॲसिटोन हे विषारी द्रव्य सापडलं, डॉक्टरांनी ‘टायरोसिनेमिया टाइप वन’ असं नाव सांगितलं आणि निटिसिनोनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. अशा घरासाठी हा लेख आहे. जगात साधारण लाखातल्या एका बाळाला हा आजार होतो. तुमच्या तालुक्याच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञांनी असा पेशंट कधी पाहिलाही नसेल, त्यामुळे रोजच्या काळजीतलं बरंचसं घरालाच शिकून घ्यावं लागतं. आणि ते शिकता येतं, ही खात्री बाळगा.

बाकी काही वाचायला वेळ नसेल तरी एवढं लक्षात ठेवा. निटिसिनोन आणि मोजका आहार ही जोडी आहे. औषध विष तयार होऊ देत नाही, पण त्याच औषधामुळे रक्तातलं टायरोसिन, म्हणजे प्रथिनांतून येणारं एक अमिनो आम्ल, वाढतं. ते आटोक्यात ठेवायचं काम आहाराचं. म्हणून लेव्हल वाढली किंवा डोळे लाल झाले तर दुरुस्ती आहारात करायची. औषध मनाने कमी करायचं नाही, बंद तर कधीच नाही.

आधी समजून घ्या: शरीरात नेमकं कुठे अडतं

दूध, डाळ, अंडी, भाकरी, ज्यात ज्यात प्रथिनं आहेत त्या सगळ्यात टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. फेनिलॲलानिन नावाचं दुसरं एक असतं आणि शरीरात गेल्यावर त्याचंही टायरोसिनच होतं. वाढीसाठी लागेल तेवढं वापरून उरलेलं टायरोसिन यकृत पाच टप्प्यांत मोडून टाकतं. पाचव्या टप्प्याचं काम फ्युमरिलॲसिटोॲसिटेट हायड्रोलेज, थोडक्यात एफएएच, हे एन्झाइम करतं. या बाळांमध्ये ते जवळपास नसतं. मग अर्धवट मोडलेले पदार्थ तिथेच साठतात आणि त्यांच्यापासून सक्सिनिलॲसिटोन तयार होतं.

सगळं नुकसान या साठ्यामुळे होतं. यकृताच्या पेशी मरतात, रक्त गोठेनासं होतं, पुढे सिरोसिस (यकृत कडक होऊन निकामी होणं) आणि कॅन्सरचा धोका उभा राहतो. मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून गेल्यामुळे मुडदूस होतो. नसांवर परिणाम झाला तर पाय आणि पोट असह्य दुखतं, अंगातली ताकद जाते, कधी श्वासाचे स्नायूही थांबतात.

निटिसिनोन याच्या खूप आधी, दुसऱ्या टप्प्यावर, एक एन्झाइम रोखतं. पाटाच्या शेवटी चारी फुटून शेत बुडायला लागलं की पाटकरी वरचं दार पाडतो, तसंच हे. खालचं शेत वाचतं, पण दारामागे पाणी तुंबतं. ते तुंबलेलं पाणी म्हणजे टायरोसिन. वरून पाणी कमी सोडायचं, म्हणजे प्रथिनं मोजून द्यायची, हा उपचाराचा दुसरा अर्धा भाग.

इंटरनेटवर शोधलंत तर निटिसिनोनच्या नावापुढे ‘तणनाशक’ असं वाचायला मिळेल आणि पोटात गोळा येईल. त्याची हकिकत खरी आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियात काही शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. आपल्याकडेही बागांमध्ये आणि रस्त्याकडेला लाल ब्रशसारख्या फुलांचं हे झाड लावलेलं दिसतं. त्या झाडातल्या द्रव्यावरून तणनाशकांचा एक गट तयार झाला आणि निटिसिनोन त्याच गटातलं आहे. वनस्पतीतलं जे एन्झाइम त्याने अडतं, तेच माणसाच्या यकृतात टायरोसिन मोडायच्या दुसऱ्या टप्प्यावर काम करतं. हे ओळखून स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा एका बाळाला ते दिलं. २००२ मध्ये अमेरिकेत आणि २००५ मध्ये युरोपात त्याला परवानगी मिळाली. तेव्हापासून मुलं या औषधावर वाढली, शाळा-कॉलेजात गेली. वयाच्या पहिल्या दोन महिन्यांत आजार दिसलेल्या बाळांपैकी नुसत्या आहारावर चार वर्षं जगणारी बाळं शंभरात २९ असत. निटिसिनोन आणि आहार दोन्ही मिळालेल्या बाळांमध्ये हे प्रमाण ८८ झालं. त्यामुळे त्या शब्दाला घाबरून औषध नाकारू नका.

पहिले काही दिवस: थांबू नका

रक्तात किंवा लघवीत सक्सिनिलॲसिटोन वाढलेलं सापडलं म्हणजे निदान झालं. नुसतं टायरोसिन वाढलेलं असेल तर तेवढ्यावरून निदान होत नाही, कारण यकृताच्या इतर आजारांतही ते वाढतं आणि कमी दिवसांच्या बाळांमध्ये काही काळ आपोआपही वाढतं. एफएएच जनुकाची तपासणी करायचीच, पण तिचा रिपोर्ट यायला आठवडे लागतात. तोवर औषध अडवून धरायचं नाही. पहिला डोस जितका लवकर, तितकं यकृत वाचतं. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात हा आजार जास्त आढळतो, म्हणून तिथे जन्मतःच तपासणी होते. पहिल्या महिन्याच्या आत औषध सुरू झालेल्या तिथल्या मुलांवर यकृत बदलायची वेळ आली नाही.

सुरुवातीलाच करून ठेवायच्या तपासण्या अशा: रक्त गोठण्याची चाचणी, रक्तपेशी आणि प्लेटलेट, अल्फा फीटोप्रोटीन म्हणजे एएफपी (यकृतातल्या गाठीची खूण देणारी रक्ततपासणी), रक्तातली अमिनो आम्लं, फॉस्फेट, पोटाची सोनोग्राफी, आणि स्लिट लॅम्पवर, म्हणजे नेत्रतज्ज्ञांकडच्या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, डोळ्यांची तपासणी. डोळ्यांची तपासणी यासाठी की पुढे काही तक्रार आली तर आधी डोळा कसा होता हे कळावं. नेत्रतज्ज्ञांची वेळ चार दिवसांनी मिळत असेल तर औषध त्यांच्यासाठी थांबवू नका.

इथे एक कळकळीची विनंती. या आजाराची सुरुवात पुष्कळदा काविळीसारखी दिसते: डोळे पिवळे, पोट फुगलेलं, बाळ सुस्त. आपल्याकडे कावीळ म्हटलं की घरातली मोठी माणसं कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायला सांगतात. ती प्रेमापोटीच सांगतात. पण या बाळाच्या हातात तेवढे दिवस नसतात. आजी-आजोबांना समोर बसवून वरचं पाटाचं चित्र समजावून सांगा. त्यांना कारण कळलं की पुढची कित्येक वर्षं तेच तुमचे सगळ्यात मोठे मदतनीस होतील.

डोस: वजनावर ठरतो, आणि वजन वाढत राहतं

सहसा सुरुवात दर किलोमागे दिवसाला १ मिलिग्रॅम अशी होते आणि तो डोस दोन वेळांत विभागून देतात. म्हणजे चार किलोच्या बाळाला दिवसाला ४ मिलिग्रॅम: सकाळी २, संध्याकाळी २. कॅप्सूल २, ५, १० आणि २० मिलिग्रॅमच्या येतात. सक्सिनिलॲसिटोन पुरतं खाली येत नसेल तर डॉक्टर डोस वाढवतात, पण किलोमागे २ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. औषध शरीरात बराच वेळ टिकतं, म्हणून मूल मोठं आणि स्थिर झाल्यावर डॉक्टर दिवसातून एकदाच द्यायला सांगू शकतात. हा बदल त्यांनी करायचा, आपण नाही.

नवीन पालकांच्या नजरेतून हमखास निसटते ती गोष्ट म्हणजे बाळ डोसच्या पुढे वाढून जातं. चार किलोचं बाळ सहा महिन्यांत सात किलोचं होतं आणि कागदावर डोस तोच राहतो. प्रत्येक भेटीत आधी वजन करून घ्या, त्या दिवसाच्या वजनाने डोस पुन्हा काढून मागा आणि वहीत तारीख, वजन, डोस असं एका ओळीत लिहा. बंद झालेलं सक्सिनिलॲसिटोन पुन्हा दिसू लागलं तर आधी ही वही उघडा: डोस चुकतोय की वजनामागे पडलाय?

तान्ह्या बाळाला कॅप्सूल गिळता येत नाही. हात धुऊन कोरडे करा. स्वच्छ, कोरड्या वाटीत कॅप्सूल उघडा, टिचकी मारून सगळी पावडर पाडा. चमचाभर पाणी किंवा बाळाचं फॉर्म्युला घालून ढवळा आणि लगेच पाजा. मग त्याच वाटीत थोडं पाणी फिरवून तेही पाजा, कारण तळाला पावडर उरते. पूर्ण बाटलीभर दुधात औषध मिसळू नका. बाळाने अर्धी बाटली सोडली तर किती औषध पोटात गेलं हे कुणालाच सांगता येणार नाही. खाण्याच्या किती आधी किंवा नंतर द्यायचं, हे तुमच्या ब्रँडची माहिती पाहून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. एकदा ठरलं की रोज तीच पद्धत, तीच वेळ.

एखादा डोस विसरला तर आठवल्याबरोबर द्या. पण पुढच्या डोसची वेळ जवळच आली असेल तर विसरलेला सोडून द्या. दोन डोस एकत्र करून देऊ नका. डोस दिल्यावर बाळाने ओकून टाकलं तर पुन्हा द्यायचा का, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रात्री अकराला फोन शोधत बसावं लागणार नाही.

डब्यावर लिहिलेलं तापमान वाचा. काही कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात, काही २५ अंशांच्या खाली चालतात. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमान २५ च्या खाली येतच नाही, तेव्हा तिथे दोन्हींचा अर्थ फ्रिज असाच धरा. मात्र फ्रीझरमध्ये नको. कुरियरने मागवत असाल तर उन्हाळ्यात थंड पेटीतच पाठवायला सांगा. आणि घरात एक महिन्याचं औषध कायम शिल्लक राहील अशा बेताने पुढचं मागवा. शेवटची पट्टी उघडल्यावर मागवायचं हे औषध नव्हे, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही.

औषध बंद झालं तर काय होतं हे स्पष्ट सांगायला हवं. मूल सुरुवातीला चांगलंच दिसतं, म्हणूनच धोका जास्त. दिवस किंवा आठवडे गेल्यावर अचानक पाय-पोट दुखायला लागतात, उलट्या होतात, हातापायांतली शक्ती जाते. या झटक्यात मूल दगावू शकतं. यकृतातल्या कॅन्सरचा धोकाही पुन्हा वाढतो. मूल टुणटुणीत दिसतंय ते औषध पोटात जातंय म्हणून.

पैशाचं आणि औषध मिळवण्याचं

निटिसिनोन अनेक वर्षं फक्त परदेशातून यायचं आणि त्याची किंमत सर्वसाधारण घराच्या कल्पनेपलीकडची होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की हे औषध आता भारतीय कंपन्या बनवतात आणि वर्षाचा खर्च सुमारे २.२ कोटींवरून २.५ लाखांवर आला आहे. मुलाचं वजन वाढेल तसा खर्च वाढतो. तरीही फरक एवढा मोठा आहे की जुन्या बातम्या वाचून खचून जाऊ नका. पहिल्या भेटीतच भारतीय बनावटीच्या कॅप्सूलबद्दल विचारा.

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ मध्ये टायरोसिनेमिया टाइप वनचा समावेश आहे, औषधासाठीही आणि विशेष आहारासाठीही. या धोरणाखाली एका रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. ती पालकांच्या खात्यात जमा होत नाही, सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रामार्फत उपचारावर खर्च होते. म्हणून मूल अशा केंद्रात नोंदवलेलं असणं महत्त्वाचं. मुंबईत परळचं केईएम हे असं केंद्र आहे. मराठवाड्याच्या काही भागांतल्या लोकांना हैदराबादचं केंद्र जवळ पडतं.

जाताना फाइलमध्ये हे ठेवा: सक्सिनिलॲसिटोनचा मूळ रिपोर्ट, जनुक तपासणीचा रिपोर्ट किंवा ती पाठवल्याची पावती, आतापर्यंतचे डिस्चार्ज कार्ड, बाळाचा जन्मदाखला, आईबाबांची आधार कार्डं आणि सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. ओपीडीत नंबर लागायच्या आधीच वैद्यकीय समाजसेवकांची खोली शोधून ठेवा. कोणता अर्ज, कोणाची सही, कोणती समिती, हे त्यांना सगळ्यात नीट माहीत असतं.

या आजारासाठी बनवलेलं, टायरोसिन नसलेलं विशेष फॉर्म्युला (दुधासारखी पावडर) बहुतेक वेळा परदेशातून येतं. १ एप्रिल २०२३ पासून, धोरणातल्या दुर्मीळ आजारांची औषधं आणि विशेष आहार स्वतःच्या वापरासाठी मागवल्यास मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक किंवा आरोग्य सेवा संचालकांचं प्रमाणपत्र लागतं. सिव्हिल हॉस्पिटलात हे प्रमाणपत्र मागायला जाताना धोरणाच्या यादीची प्रत सोबत न्या. तिथल्या टेबलावर असा अर्ज पहिल्यांदाच आलेला असू शकतो.

आहार: रोजची खरी मेहनत इथे आहे

औषध दिवसातून दोनदा द्यायचं. जेवण मात्र पाच-सहा वेळा, आणि शेजारी, शाळा, लग्नकार्य, देऊळ सगळीकडे खायला मिळतं. म्हणून या भागावर वेळ घालवा.

मुलाला वाढीसाठी प्रथिनं हवीतच, पण ती दोन वाटांनी द्यायची. पहिली वाट विशेष फॉर्म्युल्याची. त्यात टायरोसिन आणि फेनिलॲलानिन सोडून बाकीची अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, खनिजं असतात. दुसरी वाट घरातल्या अन्नातून मोजून दिलेल्या नैसर्गिक प्रथिनांची. दिवसाला किती ग्रॅम नैसर्गिक प्रथिनं चालतील हा आकडा आहारतज्ज्ञ देतात आणि लेव्हल पाहून बदलतात. तान्ह्या बाळाला आईचं दूध सहसा पूर्ण तोडत नाहीत. १०० मिलिलिटर आईच्या दुधात प्रथिनं साधारण १.१ ग्रॅमच असतात, गाईच्या दुधात ३.२ च्या आसपास. किती अंगावर, किती फॉर्म्युला, हे केंद्रातच ठरवून घ्या.

वरचं खाणं सुरू झालं की स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणा. अंदाजे वाटी चालत नाही, कारण तुमची वाटी आणि आत्याच्या घरची वाटी एकसारखी नसते. कच्च्या पदार्थात दर १०० ग्रॅममागे प्रथिनं साधारण अशी: शेंगदाणे २५ ग्रॅम, तूरडाळ २२, पनीर १८, ज्वारी आणि गहू १० ते १२, तांदूळ ७ ते ८, बटाटा दोनच्या आत, आणि साबुदाणा जवळजवळ शून्य.

यातून दोन गोष्टी चटकन कळतात. एक म्हणजे आपण ज्याला पौष्टिक म्हणून मुलांच्या तोंडात कोंबतो, ते वरण, उसळ, अंडं, दाण्याचा लाडू, पनीर, दुधात कालवलेली शक्तिवर्धक पावडर, तेच इथे सगळ्यात महाग पडतं. दुसरी म्हणजे उपासाचा साबुदाणा या मुलांचा चांगला सोबती होऊ शकतो. फक्त खिचडीत दाण्याचं कूट नको. त्याऐवजी बटाटा, जिरं, तूप, लिंबू, कोथिंबीर घाला. साबुदाण्याची खीर दुधाऐवजी पाणी, साखर आणि वेलदोडा घालून होते. वरई आणि राजगिरा मात्र उपासाचे आहेत म्हणून मोकळे नाहीत, त्यांत प्रथिनं आहेत आणि ती मोजावी लागतात.

भात मोजून, वरून तूप आणि लिंबू. दुधी, पडवळ, दोडका, भोपळा, काकडी यांच्या भाज्या, डाळ न घालता. बहुतेक फळं. साखर, गूळ, तूप, तेल यांत प्रथिनं नसल्यासारखीच, त्यामुळे उष्मांक भरून काढायला हेच उपयोगी. उष्मांक कमी पडू देऊ नका. मूल उपाशी राहिलं तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून वापरतं आणि त्यातून टायरोसिन बाहेर पडतं. ताटात डाळ नसतानाही मग लेव्हल चढते.

आकडा फार खाली नेणंही वाईट. फेनिलॲलानिन अगदीच कमी पडलं तर वाढ खुंटते. काही मुलांना ते वेगळं द्यावंही लागतं. म्हणून ‘जितकं कमी तितकं चांगलं’ असं समजू नका. ठरवून दिलेला आकडा रोज पुरा करायचा.

फॉर्म्युल्याला वास असतो आणि चवही फारशी चांगली नसते. लहानपणापासून रोज ठरल्या वेळी, थंड करून, झाकणाच्या कपातून दिलं तर मुलं ते सहज घेतात. मुलासमोर नाक मुरडू नका. पाहुण्यांनाही तसं सांगून ठेवा. दिवसाचा वाटा तीन-चार वेळांत विभागा, एकदम नको.

सणासुदीला मुलाला वेगळं बसवायची गरज नाही. उकडीच्या मोदकात तांदळाची पिठी आणि ओलं खोबरं, दोन्ही मोजता येतं. पुरणपोळी हरभऱ्याच्या डाळीची, तेव्हा ती नको. पेढे आणि बर्फी खव्याची, म्हणून तीही नको. प्रसादाला खडीसाखर, केळं, बत्तासा चालतो. अंगणवाडीत आणि शाळेत पोषण आहारात डाळीची खिचडी, उसळ, अंडी येतात. सेविकाताईंना आणि बाईंना एका कागदावर ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ अशा दोन याद्या लिहून द्या आणि डबा घरून पाठवा. ‘शुगर फ्री’ लिहिलेली पेयं, च्युइंगगम आणि काही सिरप यांत अस्पार्टेम असतं. त्यातून फेनिलॲलानिन मिळतं, म्हणून वेष्टण वाचायची सवय लावा.

लेव्हल, डोळे आणि बाकीच्या तपासण्या

लघवीतलं सक्सिनिलॲसिटोन औषध सुरू झाल्यावर फार लवकर खाली येतं. रक्तातलं निघून जायला जास्त वेळ लागतो. पहिल्या वर्षी साधारण दर महिन्याला, नंतर अंतर वाढवत ही तपासणी होते. ते सापडता कामा नये. सापडलं तर प्रश्न औषधाचा आहे.

टायरोसिन वाढलं तर प्रश्न आहाराचा आहे. ते साधारण २०० ते ६०० मायक्रोमोल प्रति लिटरच्या दरम्यान ठेवतात आणि बरेच डॉक्टर ५०० च्या खाली राहावं असं पाहतात. रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आकडा देतात, त्यात ५०० मायक्रोमोल म्हणजे सुमारे ९. एकक न बघता दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवले तर विनाकारण घाबरायला होतं, नाहीतर विनाकारण निश्चिंत. नमुना दर वेळी शक्यतो एकाच वेळी द्या आणि आधीच्या तीन दिवसांचं खाणं वहीत लिहून न्या. आहारतज्ज्ञांना त्या तीन पानांवरून जे कळतं ते तासभर बोलूनही कळत नाही.

टायरोसिन फार वाढलं की डोळ्याच्या पारदर्शक पडद्यात त्याचे स्फटिक साठतात. मूल उजेडाकडे बघत नाही, डोळे मिचकावतं, डोळे लाल होतात, पाणी येतं. स्थानिक डॉक्टर ‘डोळे आले’ म्हणून थेंब देतील. त्यांना आजार सांगा, त्याच दिवशी टायरोसिनची लेव्हल पाठवा आणि स्लिट लॅम्पवर डोळे दाखवा. निटिसिनोन चालू ठेवा. नैसर्गिक प्रथिनं डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी केली की डोळे सहसा निवळतात.

औषधामुळे कधी कधी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात, म्हणून रक्तपेशींची तपासणी अधूनमधून होते.

एएफपीचे आकडे मात्र स्वतंत्र पानावर लिहा. सुरुवातीला हा आकडा हजारांत असू शकतो. तो हळूहळू उतरत जातो आणि पूर्ण उतरायला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं. उतरणं थांबलं किंवा आकडा पुन्हा चढला तर पुढच्या तारखेची वाट न बघता कळवा. यकृतात गाठ होत असल्याची ती पहिली खूण असू शकते. सोनोग्राफी किंवा एमआरआय सहा महिन्यांनी किंवा वर्षाने होतच राहते. औषध उशिरा सुरू झालेल्या मुलांमध्ये तर यात हयगय नको. औषधाला यकृताने दाद दिली नाही किंवा कॅन्सरची शंका आली तर यकृत प्रत्यारोपणाचा विचार होतो.

मुलाचं बोलणं, लक्ष लागणं, अभ्यास यांचीही वेळोवेळी तपासणी करून घ्या. यातल्या काही मुलांना शाळेत लक्ष एकवटायला त्रास होतो. लवकर कळलं तर मदत लवकर मिळते. लसी वेळापत्रकाप्रमाणे द्या, हिपॅटायटिस ए आणि बी विसरू नका.

ताप, उलट्या, जुलाब

आजारपणात तीन कामं. निटिसिनोन चालू. नैसर्गिक प्रथिनं डॉक्टरांशी बोलून तात्पुरती कमी. उष्मांक भरपूर: साखरपाणी, तूप घातलेली साबुदाण्याची पेज, फळांचा रस, आणि झेपेल तसं फॉर्म्युला थोडं थोडं. औषध किंवा पाणी पोटात टिकतच नसेल तर घरी थांबू नका. दवाखान्यात सलाइनमधून ग्लुकोज देता येतं आणि नाकातल्या नळीतून निटिसिनोन देता येतं. ते कोणत्याही वॉर्डात सापडणार नाही, म्हणून घरचा डबा सोबत घेऊन जा.

घरातली इतर मुलं आणि पुढचं बाळंतपण

हा आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. दोघं स्वतः निरोगी असतात, दोष कुणा एकाचा नसतो. जवळच्या नात्यातल्या लग्नात दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या लग्नातही हे होतं. सासर-माहेर असा हिशोब कुणी मांडू लागलं तर डॉक्टरांसमोर दोन्ही घरच्यांना एकत्र बसवा.

प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक असा असतो. आधीची भावंडं ठणठणीत दिसत असली तरी त्यांचं सक्सिनिलॲसिटोन तपासा, कारण काही मुलांत आजार हळू चालतो. पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुकाचा रिपोर्ट पूर्ण करून घ्या. आईबाबांचे नेमके बदल माहीत असतील तर साधारण अकराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करता येते. तपासणी नको असेल तर जन्मल्याबरोबर बाळाचं रक्त तपासायची आणि निटिसिनोन हाताशी ठेवायची तयारी बाळंतपणाच्या आधीच करा.

एक पत्र तयार ठेवा

तुमच्या मेटाबॉलिक (चयापचयाच्या आजारांच्या) डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर एक पानभर पत्र घ्या, मराठीत आणि इंग्रजीत. एक प्रत बाळाच्या पिशवीत, एक गावच्या घरी, एक शाळेत, आणि फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. पत्रात या गोष्टी हव्यात: आजाराचं नाव, आजचं वजन आणि डोस, ‘निटिसिनोन थांबवू नये’ हे ठळक अक्षरात, तोंडाने खाणं बंद असेल तर ग्लुकोजचं सलाइन लगेच सुरू करावं, पाय-पोटाचं तीव्र दुखणं किंवा अशक्तपणा हा नसांचा झटका असू शकतो, म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवावं आणि अशा वेळी बार्बिट्युरेट गटातली औषधं टाळावीत, फिट आली आणि फेनिटॉइन द्यावं लागलं तर निटिसिनोनमुळे त्याची रक्तातली पातळी वाढू शकते, आणि शेवटी केंद्राचा दिवसा-रात्री लागणारा फोन नंबर. डोस बदलला की पत्रही नवीन घ्या आणि जुन्या प्रती फाडून टाका.